सर्टिफिकेट फुकट, मग पैसे कशाचे?

नमस्कार ताई,

साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, तरी साइटचा सर्व्हर बदलताना आम्ही त्याचे पैसे लावले आणि जुना सर्व्हर चार दिवस उगाच चालू ठेवला, असं तुम्ही लिहिलंय. इंदूरमधले बरेच दुकानदार हे वाचतील, म्हणून इथेच उत्तर देतो.

सर्टिफिकेटचा एक रुपयाही घेतलेला नाही. पैसे घेतले ते नव्या सर्व्हरवर ते आपोआप रिन्यू होत राहावं, या कामाचे. हे सर्टिफिकेट ९० दिवसच चालतं. नुसत्या फाइली उचलून टाकल्या असत्या तर साइट त्या दिवशी सुरक्षित दिसली असती, आणि ऐन दिवाळीत, पुण्या-मुंबईच्या फराळाच्या ऑर्डरी येताना, ग्राहकाला धोक्याचा इशारा दिसला असता. साइट ग्राहकांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर जुन्या सर्व्हरवर अपाची होतं, नव्यावर एन्जिनएक्स. सर्टिफिकेट रिन्यू करणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रामच्या फाइलीत अपाचीचंच नाव राहिलं की तो नव्या सर्व्हरवर अपाची शोधतो आणि तिथेच अडतो. त्याच्या ‘लाइव्ह’ फोल्डरमध्ये तर खऱ्या फाइली नसतातच, दुसरीकडच्या फाइलींचे दुवे असतात. साध्या कॉपीत ते तुटतात. शिवाय नवं सर्टिफिकेट आल्यावर ते वापरात यायला एन्जिनएक्स रीलोड व्हायला हवं, तो आदेशही जोडावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ डीएनएसने, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदींनी खाल्ला. तुमच्या डोमेनवर जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता (इंटरनेटवरच्या पत्त्याचा नवा प्रकार) तसाच होता. सर्टिफिकेट देण्याआधी डोमेन तुमच्याच ताब्यात आहे ना, या तपासणीला लेट्स एन्क्रिप्ट आधी त्याच पत्त्यावर जातं. तो काढला, चाचणी रिन्यू पार पडलं, तेव्हाच आम्ही काम झालं असं कळवलं.

जुन्या सर्व्हरचं म्हणाल तर डीएनएसमधला बदल सगळीकडे एकदम पोचत नाही. मधल्या दिवसांत जुन्या पत्त्यावर आलेल्या ग्राहकांना तोच नव्याकडे पाठवत होता. तो आधीच बंद केला असता तर त्यांना दुकान बंद दिसलं असतं. हा खर्च मला आजही रास्त वाटतो.

आणखी एक. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, म्हणून तुमच्या साइटच्या तारखेवर आम्ही स्वतःचा अलर्ट लावलाय. त्याचे वेगळे पैसे नाहीत. मार्च २०२९ पासून तर कुठल्याही कंपनीच्या नव्या सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस असेल, तेव्हा हाताने रिन्यू करणं कोणालाच झेपणार नाही.

मुदतीचे ३० दिवस उरले की पहिलं रिन्यू होईल. झालं की नवी तारीख तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून तुम्हीही ती ताडून पाहा.