शेंगदाणे पाठवून ‘जेरिको’ वाचली, हे अर्धंच खरं

‘चाहत्यांनी शेंगदाणे पाठवले आणि जेरिको ही अमेरिकन मालिका वाचली, आपल्या आवडत्या मालिकेसाठी आपणही पाठवू’ असा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. खुलासा असा: २००७ मध्ये मालिका बंद केल्यावर सीबीएस या तिच्या वाहिनीकडे सुमारे २० टन शेंगदाणे पोहोचले, हे खरं. शेंगदाणेच का? पहिल्या सीझनच्या शेवटी नायक शरणागतीच्या मागणीला ‘नट्स’ (शब्दशः दाणे, इथे अर्थ ‘मुळीच नाही’) असं उत्तर देतो म्हणून. पण मिळाले फक्त ७ भाग, तेही ‘शेंगदाणे थांबवा, प्रेक्षक आणा’ असं सांगून. पुरेसे प्रेक्षक आले नाहीत. २००८ मध्ये मालिका पुन्हा बंद. बंद होऊ घातलेली दुसरी मालिका ‘द एक्स्पान्स’ २०१८ मध्ये तगली ती अ‍ॅमेझॉनने घेतली म्हणून. तेव्हा नाशिकरोडच्या पोस्टात पार्सल नि कस्टम्सचा फॉर्म घेऊन उभं राहू नका. आवडती मालिका अधिकृत अ‍ॅपवर शेवटच्या भागापर्यंत पाहा. टेलिग्रामवरची कॉपी प्रेक्षकांच्या मोजणीत येतच नाही.