भाचीचं माप

मला भाची नाही. बहीणच नाही, तर भाची कुठली! तरीही दादरच्या एका लेसवाल्या काकांच्या दुकानात माझी ही भाची गेली काही वर्षं सुखानं नांदते आहे. काकांनी टिकल्यांची नेट मोजता मोजता सहज विचारलं होतं, "कुणासाठी?" भोवती संक्रांतीचं वाण शोधणाऱ्या बायका, माझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, तोंडावर दाढी आणि हातात चंदेरी झालर. 'माझ्यासाठी' घशातच अडकलं आणि बाहेर आलं ते, "भाचीचं गॅदरिंग आहे."

"अरे वा. कितवीत?"

"सातवीत."

"कमरेला इलास्टिक किती काढू?"

"अडतीस."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अंगानं बरी आहे," एवढंच म्हणाले आणि मीटरपट्टी फिरवायला लागले.

त्यानंतर भाची परी झाली, मोर झाली, एकदा तर आरशांचा डिस्को चेंडू झाली. दर हिवाळ्यात ती एक इयत्ता चढते आणि कमरेला अर्धा-एक इंच. यंदा काकांनी बजावलं, "दहावीचं वर्ष आहे, नाचणं जरा कमी करायला सांगा. आणि काखेत ताणतं म्हणाली होती ना? कापड आडवं न लावता तिरकं लावा." काकांना सगळं केव्हाच कळलेलं असावं. पण त्यांनी भाचीला दहावीपर्यंत आणलं आहे, आता मध्येच शाळा सोडायला लावणं मलाही प्रशस्त वाटत नाही.

मुळात ही वेळ आली कारण आम्हाला तयार कपडे मिळत नाहीत. पुरुषांच्या विभागात रंगांची मजल मरून रंगाच्या कुर्त्यापाशी संपते. बायकांच्या विभागात रंग आहेत, चमक आहे, पण खांदे माझ्या दंडापर्यंतच पोचतात. जेंट्स टेलर म्हणतो, हे लेडीज काम. लेडीज टेलर म्हणतो, आम्ही जेंट्सची मापं घेत नाही. मग उरते आईची उषाची पायमशीन. आणि निमित्तं तर वाढतच चालली आहेत. पूर्वी वर्षातून एकदा ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघणारी आम्हा क्वीअर मंडळींची प्राइडची मिरवणूक, एवढ्यावर भागायचं. 2023 च्या जानेवारीत लोलापलूझा हा संगीताचा जलसा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा आला, 2025 च्या जानेवारीत कोल्डप्ले या बँडनं नेरूळला तीन दिवस धुमाकूळ घातला. आता नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरी लग्नघर होतं, फक्त नवरानवरीचा पत्ता नसतो.

घरात काही लपवावं लागत नाही. मी क्वीअर आहे हे आईबाबांना सांगून झालं आहे, रडारड यथासांग पार पडली आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं कलम 377 बद्दल निकाल दिला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत म्हणून, तेव्हा बाबांनी दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं कात्रण कापून विम्याच्या फायलीत लावून टाकलं. मावशीचा प्रश्नही मिटला. तिला झालर पटत नव्हती, पण तिच्या दिवाणखान्यात बालगंधर्वांचा भरजरी शालूतला फोटो आहे. त्यांचं नेसणं बघून तेव्हाच्या घरंदाज बायका पदर घ्यायला शिकल्या, हे ती स्वतःच आल्यागेल्याला सांगते. मी नुसतं फोटोकडे बघत उभा राहिलो. "त्यांचा गळा होता रे," एवढाच बचाव तिच्याकडे उरला होता. मला गळा नाही हे खरंच आहे.

आईचा आक्षेप निराळाच. तिनं लग्नाआधी शिवणक्लास चालवला आहे आणि ती कुठल्याही कपड्याची आधी उलटी बाजू बघते. चंदेरी घागरा घालून मी आरशासमोर गिरकी घेतली तर शेजारच्या काकू दारातच थिजल्या. आई म्हणाली, "अगं बघ ना, ओव्हरलॉकसुद्धा केलेलं नाही मेल्यानं." काकूंना त्यावर 'हो ना' म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

टिकल्यांचं कापड शिवणं ही शिक्षा आहे. चौदा नंबरची सुई टिकलीवर आपटून मोडते. म्हणून शिवणीच्या रेषेवरच्या टिकल्या एकेक करून काढाव्या लागतात, पण दोरा न तोडता, नाहीतर एक ओढली की अख्खी ओळ सुटते. फेविक्विकनं चिकटवाव्यात तर नेटवर पांढरी धुरी धरते. सॅटिनच्या कडा अगरबत्तीनं डागायच्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. मात्र पेटती अगरबत्ती बघून आजी लगेच हात जोडून आरती सुरू करते. आणि काढलेल्या टिकल्या कचऱ्यात जात नाहीत, संसारात जातात. वरणात सापडतात, आंघोळीच्या साबणावर सापडतात. बाबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले ते टकलावर एक गुलाबी टिकली घेऊन. खिडकीवरचा कारकून बराच वेळ त्यांच्या डोक्याकडे बघत राहिला आणि शेवटी शिक्का मारताना म्हणाला, "तुमचं चांगलं चाललंय."

गुलाबीवरून आठवलं. आमचा इंद्रधनुषी झेंडा 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरनं केला, तेव्हा त्यात आठ रंग होते. हा बेकर स्वतःच शिवण शिकलेला, म्हणजे आमच्याच पंथाचा. सगळ्यात वरचा पट्टा भडक गुलाबी होता. पुढे झेंड्यांची मागणी वाढली आणि त्या गुलाबीचं कापड पुरेसं मिळेना, म्हणून पट्टाच काढून टाकला. कापड मिळेना! बेकरला कुणी मुंबईच्या मंगळदास कापड मार्केटात आणून सोडायला हवं होतं. राणी, मजेंटा, गाजरी राणी, कांदा राणी असे चार-पाच गुलाबी तर पहिल्याच गाळ्यात त्याच्या अंगावर टाकले असते, वर "धुऊन रंग गेला तर पैसे परत" असं खोटं बोलून.

यंदाची माझी निर्मिती म्हणजे पंख. आकाशकंदील करतात तसे बांबूच्या कामट्या वाकवून, दोऱ्यानं बांधून, वर जिलेटिनचा कागद. आत एलईडीची माळ, ती पॉवर बँकेवर. खाली कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ चोळी. कॉर्सेटला आत ताठ पट्ट्या लागतात, त्या परवडेनात म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातले जाड केबल टाय कापून घातले. दिसायला फक्कड. फक्त बसता येत नाही, वाकता येत नाही आणि मोरीत जायचं तर मागचे हुक काढायला मदतनीस लागतो. म्हणून सकाळपासून पाणी बंद. आमच्या मुंबईत हिवाळ्यातल्या दुपारी तीन वाजताही अंगाचं पाणी होतं, ते वेगळं.

यंदाच्या मैफलीच्या फाटकावर दोन रांगा होत्या. मी पुरुषांच्या रांगेत उभा राहिलो. रक्षकानं घागरा बघून बायकांच्या रांगेत धाडलं. तिथल्या ताईंनी दाढी बघून परत पाठवलं. दोघांनी मिळून वॉकीटॉकीवर साहेबांना बोलावलं. साहेब आले, माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पंखांना हात लावून म्हणाले, "दिवाळी झाली ना?"

मग यंत्र पोटाशी वाजलं.

"आत काय आहे?"

"हुक आहेत. आणि केबल टाय."

"केबल टाय? कशाला?"

"कंबर बारीक दिसायला."

साहेबांनी प्रामाणिकपणे निरखून पाहिलं. "तशी दिसत नाहीये," म्हणाले आणि मला आत सोडलं. पॉवर बँक मात्र ठेवून घेतली. त्यामुळे ज्या पंखांसाठी मी डोळे फोडले, ते रात्रभर अंधारात होते. ग्लू गनचा गोंद उन्हानं मऊ पडला आणि पहिल्याच गाण्याला डावीकडचं जिलेटिन सुटून पुढच्या माणसाच्या बिअरमध्ये पडलं. एक देखणा मुलगा मात्र जवळ येऊन म्हणाला, "मलाही करून देशील? किती घेशील?" मी नेट, लेस, कामट्या आणि मजुरी असा हिशेब सांगितला. मजुरीपर्यंत पोचेतो तो बराच लांब गेला होता.

परतीची डोंबिवली लोकल दादरला रिकामी मिळाली. बसता येत नसल्यामुळे मी दाराशी उभा, एका हातात मुकुट. खिडकीपाशी एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी काजळापासून घागऱ्यापर्यंत सगळं शांतपणे बघून घेतलं.

"खंयच्या कंपनीचो?"

मला उलगडायला कुर्ला आलं. दशावतार! सिंधुदुर्गात पुरुषच स्त्रीपार्ट करतात, रात्रभर जत्रेत उभे राहतात, त्यांच्या हिशेबी मी खेळ आटोपून घरी चाललेला नट होतो. कंपनी कुठलीच नाही, म्हटलं, एकटाच आहे. त्यांनी मुकुट मागून घेतला, उलटा केला, आतली शिवण चाचपली.

"हलको आसा. बरो केलंस. नाईट किती गावता?"

"मिळत काही नाही. तिकीट काढून जातो."

"तिकीट? केवढ्याक?"

मी आकडा सांगितला. विक्रोळी, कांजूरमार्ग, ते काही बोलले नाहीत. भांडुपला उतरायला उठले, मुकुट माझ्या हातात दिला आणि दारातून वळून म्हणाले, "पैशे दिवन नाचतंस? आधी तुझो मॅनेजर बदल."