ऑफिसातल्या कम्प्युटरांचं बारसं कसं करावं

ऑफिसात सगळं नीट सुरू आहे, लोक सकाळी येऊन पासवर्ड टाकून मुकाट कामाला लागतात? मग बिघडवायची वेळ झाली. सगळ्या पीसींची नावं बदला. मुहूर्त १९ तारखेच्या संध्याकाळचा धरावा, कारण २० ला जीएसटीआर-थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस आणि त्या दिवशी अकाउंट्सवाले तसेही रिकामेच बसून असतात ना. आमच्या बर्डीच्या, म्हणजे नागपुरातल्या सीताबुल्डीच्या, ऑफिसात गेल्या महिन्यात हाच मुहूर्त निघाला.

कोणाला आधी सांगू नका. सरप्राइज असते.

नाव भारदस्त पाहिजे. 'पीसी-७' हे काय नाव झालं? 'नागपूर-सीताबुल्डी-अकाउंट्स-१', मग दोन, मग तीन. विंडोज मधेच एक खिडकी उघडून सांगते की नेटबायोसच्या, म्हणजे नेटवर्कवर पीसी ओळखायच्या, नावात १५च अक्षरं बसतात, पुढचं कापलं जाईल, तर ते वाचायचं नाही, ओके दाबायचं. आता इंग्रजीत मोजा, नागपूर, मधली रेघ अन् सीताबुल्डी मिळूनच १६ होते, म्हणजे बर्डीचा शेवटचा आयसुद्धा बाहेर, एक-दोन-तीन तर लांबच राहिले. सगळ्यांचं नाव एकच! सर्व्हर ओरडते की या नावाचं खातं आधीच आहे, तर आमचे मेंटेनन्सवाले भाऊ काय करतात, पीसी डोमेनमधून, म्हणजे सर्व्हरच्या ओळखीच्या यादीतून, बाहेर काढून त्याच नावानं परत जोडतात. जोडताना त्या खात्याचा मशीनचा पासवर्ड (आपण टाकतो तो नाही) नवा होते, म्हणजे भाडेकरूनं आल्या आल्या कुलूप बदललं अन् आधीचा भाडेकरू रस्त्यावर. पहिल्या पीसीवर मेसेज, ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड, म्हणजे सर्व्हर त्याला ओळखच देत नाही. मग पहिला जोडला की दुसरा बाहेर, दुसरा जोडला की तिसरा बाहेर, अन् हे दुपारपर्यंत चालून राहिलं, आणि वरून आम्हालाच विचारते, "मॅडम, पासवर्ड बरोबर टाकला का?"

पासवर्ड बरोबर आहे म्हटलं तरी पुन्हा पुन्हा टाकायला लावा.

लॅनची वायर काढली की लॉगिन होते, कारण जुनं लॉगिन पीसीतच साठवलेलं असते. यावरून वायरच खराब आहे असं ठरवून नवीन वायर बिलात लावावी.

प्रिंटर रिसेप्शनच्या पीसीवरून शेअर आहे अन् टॅलीचा डेटा दुसऱ्या एका पीसीवर? त्यांचीही नावं बदला. सगळ्यांचे शॉर्टकट जुन्याच नावाला शोधत बसतील.

पीसीवरच्या लोकल अ‍ॅडमिनचा, म्हणजे डोमेनशिवाय चालते त्या खात्याचा, पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसालाच माहीत असावा.

आता सरळ बोलते. अरे बाप्पा, एक पीसी घ्यायचा, वायर लागलेली असताना, डोमेनच्या अ‍ॅडमिन खात्यानं नाव बदलायचं, १५ च्या आत, रीस्टार्ट करायचं, ज्याचा पीसी आहे त्यालाच लॉगिन करून पाहायला सांगायचं, मगच पुढचा. जुनं नाव-नवं नाव एका कागदावर लिहायचं. एवढं येत नसेल तर हात कशाला लावता? लेट फी भरली कोणी, तुम्ही? काऊन नाही सांगितलं आदल्या दिवशी? आणि फोन उचलत जा. बिल पाठवाले बरोबर नंबर सापडते आमचा.