बीटी सरकीची ढेप, दूध आणि कॅन्सर: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

कापसाची वेचणी सुरू झाली की मराठवाड्यातल्या शेतकरी गटांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. सोबत अंगावर गाठी आलेल्या उंदरांचा फोटो असतो. मजकूर थोडक्यात असा: ‘बीटी सरकीच्या ढेपेतला जीन दुधात उतरतो, दुधातून आपल्या डीएनएत घुसतो आणि तो तोडतो. तुटलेला डीएनए पुन्हा जुळत नाही, म्हणून कॅन्सर होतो. बीटीचं विष अळीचं पोट फाडतं, तसं आपलंही फाडणार. ढेप खाऊन वासरं दगावतात तीही यामुळेच. लॅबमध्ये दुधात बीटी सापडलं आहे. आता सरकार क्रिस्परचं बियाणं आणतंय, ते तर याहून घातक.’

हे वाचून लेकराचं दूध बंद करायचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर आधी एकेक मुद्दा तपासू. ढेपेतून दुधात उतरणारी आणि डीएनएला खरोखर इजा करणारी एक गोष्ट आहे, पण मेसेजमध्ये तिचं नावच नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

‘ढेपेतला जीन दुधातून आपल्या डीएनएत घुसतो’

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जेन्सिस, जमिनीत राहणारा जिवाणू. त्याचा क्राय१एसी हा जीन कपाशीत घातला गेला आणि मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या तीन संकरित वाणांना लागवडीची परवानगी मिळाली. २००६ पासून क्राय२एबी हा दुसरा जीनही असलेले वाण आले. जीन म्हणजे डीएनएचा एक तुकडा. डीएनए म्हणजे दोन धाग्यांवर जोडीने बसलेल्या रासायनिक अक्षरांची लांब साखळी, आणि ती प्रत्येक सजीवात, म्हणून आपल्या अन्नातही असते. भाकरी, तुरीचं वरण, मेथी, मटण यांतून माणूस रोज साधारण एक दशांश ते एक ग्रॅम डीएनए खातो. पचनसंस्थेला तो नवा नाही.

बीटीच्या जीनचा प्रवास पाहा. सरकी घाण्यात तापते, दाबली जाते, तिथेच बराच डीएनए तुटतो. मग ढेप जनावराच्या कोठीपोटात जाते. तिथले सूक्ष्मजीव, पुढे चौथ्या कप्प्यातलं आम्ल आणि आतड्यातली डीएनए कापणारी विकरं त्याचे आणखी बारीक तुकडे करतात. क्राय१एसीचा पूर्ण जीन सुमारे साडेतीन हजार अक्षरांचा आहे. उरतात ते बहुतेक काहीशे अक्षरांचे किंवा त्याहून लहान तुकडे. एखादा तुकडा दुधात आला, तरी तो माणसाच्या जठरातून सुखरूप सुटला पाहिजे, पेशीत आणि मग तिच्या केंद्रकात शिरला पाहिजे, गुणसूत्रात जोडला गेला पाहिजे, आणि तोही पूर्ण व चालू अवस्थेत. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात, तेव्हा तिथे काही घडलंच तरी ते टिकत नाही. माणसाचा जीनोम अक्षर न् अक्षर वाचून झाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी खाऊनही त्यात ज्वारीचा जीन आलेला नाही.

सरकीच्या रिफाइंड तेलाची भीती तर आणखी निराधार आहे. जीन आणि प्रथिनं तेलात विरघळत नाहीत. कॉस्टिकची धुलाई, मातीतून गाळणं आणि २०० अंशांच्या वर वास काढणं, एवढं झाल्यावर त्यांचा मागमूसही उरत नाही.

‘लॅबमध्ये दुधात बीटी सापडलं’

हे शोधायला पीसीआर वापरतात. शंभर-दोनशे अक्षरांच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणारी ही पद्धत इतकी संवेदनशील आहे, की गोठ्यात ढेपेची धूळ उडून बादलीत पडली तरी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतं. म्हणून असा अहवाल समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. नमुन्याशिवाय, नुसतं पाणी घालून केलेली चाचणी कोरी आली होती का? कपाशीचा दुसरा, बीटी नसलेला जीनही त्याच दुधात तपासला होता का? आणि तुकडा किती अक्षरांचा होता? चाऱ्याच्या हरितलवकांचे बारीक तुकडे दुधात सापडल्याची नोंद शास्त्रात आहे, कारण पानाच्या पेशीत त्यांच्या हजारो प्रती असतात. दुधात वनस्पतीचा तुकडा सापडणं आणि तो आपल्या गुणसूत्रात बसणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

‘बीटीचं विष अळीचं पोट फाडतं, आपलंही फाडणार’

मेसेजमधलं ‘विष’ म्हणजे बीटीच्या जीनपासून बनणारं क्राय प्रथिन. ते डीएनएला हातही लावत नाही. अळीच्या मधल्या आतड्यात तीव्र अल्कधर्मी रस असतो, सामू ९ ते ११. त्यात ते विरघळतं, तिथली विकरं त्याचा कार्यक्षम भाग मोकळा करतात, तो कॅडहेरिनसारख्या ठरावीक ग्राहकांना (पेशीवरच्या, त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना) चिकटतो आणि आतड्याच्या पेशींना छिद्रं पाडतो. आपल्या जठरात आम्ल आणि पेप्सिन असतं. कृत्रिम जठररसात हे प्रथिन मिनिटाच्या आत मोडतं. शिवाय ते ज्यांना चिकटतं ते ग्राहक आपल्या आतड्यात नाहीत.

ग्राहक नसला तर काय होतं, हे आपल्याच शेतात दिसलं आहे. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळीत कॅडहेरिनच्या जीनमध्ये बिघाड आढळला. प्रथिनाला धरायला जागा नाही, म्हणून अळी बीटीचं बोंड खाऊन जगते. २०१७ च्या हंगामात राज्यभर त्याचा फटका बसला. बीटीवर टीका करायची तर इथे भरपूर जागा आहे: बिगरबीटीच्या कडेच्या ओळी न लावणं, डिसेंबरनंतर फरदड ठेवणं, दरवर्षी महागडं संकरित बियाणं घेणं. त्या टीकेला खोट्या कॅन्सरची जोड लागत नाही.

‘तुटलेला डीएनए पुन्हा जुळत नाही’

मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हेच. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए रोज बिघडतो, आणि त्याला कोणतंही बियाणं कारण नसतं. नुसत्या शरीराच्या उष्णतेने आणि पाण्याने एका पेशीत दिवसाला हजारो, काही अंदाजांनुसार दहा हजारांच्या घरात अक्षरं गळून पडतात. श्वासातल्या ऑक्सिजनमुळे होणारी इजा वेगळी. उन्हात राबणाऱ्याच्या त्वचेत अतिनील किरणांमुळे डीएनएतली शेजारची दोन ‘थायमिन’ अक्षरं एकमेकांना चिकटतात, तेही वेगळं. तरी आपण जगतो, कारण दुरुस्ती अखंड चालू असते.

एक अक्षर बिघडलं तर एक विकर तेवढं अक्षर उचकटून काढतं, दुसरं तिथला धागा कापतं, तिसरं समोरच्या धाग्याकडे बघून योग्य अक्षर भरतं, चौथं सांधा जोडतं. चिकटलेल्या थायमिनसारखी मोठी गाठ असेल तर पंचवीस-तीस अक्षरांचा तुकडाच कापून काढून नव्याने विणला जातो. प्रत काढताना झालेल्या चुकांसाठी तिसरी यंत्रणा आहे. या तिन्ही उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन्ही धागे एकदम तुटले तर मात्र काम अवघड. पेशीकडे दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून बिनचूक दुरुस्ती होते; नसेल तर टोकं घाईने जोडली जातात आणि एखाद-दुसरं अक्षर इकडचं तिकडे होतं. दुरुस्ती शक्यच नसेल तर पी५३ हे प्रथिन पेशीची वाढ थांबवतं किंवा तिला मरायला लावतं.

कॅन्सर होतो तो इजेचा वेग दुरुस्तीला सतत मागे टाकतो तेव्हा, किंवा पी५३ सारखा राखणदारच बिघडतो तेव्हा. तोंडात तासन्‌तास धरलेली तंबाखू हेच करते. तिच्यातली नायट्रोसामाइन नावाची रसायनं डीएनएच्या अक्षरांना चिकटतात, आणि ते वर्षानुवर्षं, रोज, त्याच जागी.

‘वासरं दगावतात ती बीटीमुळे’

सरकीत गॉसिपॉल हे कपाशीचं स्वतःचं विष असतं, गावरान कपाशीतसुद्धा. मोठ्या जनावराचं कोठीपोट त्याला बांधून निकामी करतं. वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं, म्हणून गॉसिपॉल रक्तात जातं आणि हृदयावर आघात करतं: धाप लागते, कधी वासरू उभ्या उभ्या कोसळतं. रवंथ नीट सुरू होईपर्यंत, साधारण चार महिन्यांपर्यंत, वासरा-पारडाला सरकी किंवा सरकीची ढेप देऊ नये. कोंबड्या-डुकरांनाही हे खाद्य सोसत नाही.

उंदरांचा फोटो

तो २०१२ च्या, फ्रान्समधले संशोधक सेरालिनी यांच्या प्रयोगातला आहे. त्यात कापूस नव्हता, बीटीही नव्हतं. तणनाशक सहन करणारा मका होता. वापरलेल्या जातीच्या उंदरांना दोन वर्षं जगवलं तर काहीही न करता मोठ्या प्रमाणात गाठी येतात, आणि गटात उंदीर होते फक्त दहा. ज्या नियतकालिकाने तो लेख छापला, त्यानेच २०१३ मध्ये तो मागे घेतला. नंतर तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला, पण प्रयोगाची रचना तीच राहिली.

‘क्रिस्परचं बियाणं याहून घातक’

क्रिस्पर म्हणजे रोपाच्या स्वतःच्या जीनमध्ये ठरवलेल्या जागी बदल करण्याचं तंत्र. त्यात वीस अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए कॅस९ या कात्रीला नेमक्या जागी नेतो, कात्री दोन्ही धागे कापते आणि रोप वर सांगितलेल्या घाईच्या जोडणीने ते सांधतं. त्या जोडणीत जो लहानसा बदल होतो तोच हवा असतो. कात्री भलत्या जागी चालू शकते, ही शंका रास्त आहे. म्हणून जीनोम पुन्हा वाचतात, पुढच्या पिढ्यांत कॅस९ चा जीन नसलेली रोपं निवडतात. बाहेरचा जीन न उरणाऱ्या अशा वाणांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये काही नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये जाहीर झालेले ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे दोन्ही वाण भाताचे आहेत. असा भात खाल्ल्याने आपला डीएनए कापला जात नाही, कारण ताटात येतो तो नुसता बदललेला भात, कात्री त्यात नसते.

ढेपेतलं खरं संकट

आता ती न सांगितलेली गोष्ट. परतीच्या पावसात भिजलेली सरकी, ओलसर ढेप, भुईवर टाकलेले कट्टे आणि तिशीच्या आसपासचं तापमान मिळालं की त्यावर ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी१ तयार करते. भुईमुगाच्या पेंडीत आणि मक्यातही ती असते. हे विष यकृतात गेलं की यकृताचीच विकरं त्याचं अतिशय क्रियाशील रूप बनवतात. ते डीएनएतल्या ‘ग्वानिन’ या अक्षराला चिकटतं, आणि दुरुस्तीआधी पेशीने प्रत काढली तर तिथे ग्वानिनऐवजी थायमिन बसतं. पी५३ च्या जीनमधल्या २४९ क्रमांकाच्या (तीन अक्षरी) शब्दात असाच बदल यकृताच्या कॅन्सरमध्ये वारंवार सापडतो. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. बाळाला त्याची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते, ती चुकवू नये. १९७४ च्या शेवटी गुजरात-राजस्थान सीमेवरच्या पंचमहाल आणि बांसवाडा भागात पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली. कारण हेच विष होतं.

जनावराने बी१ खाल्लं की त्याचा साधारण एक ते दोन टक्के भाग, जास्त दूध देणाऱ्या गायीत सहा टक्क्यांपर्यंत, एम१ या रूपात दुधात उतरतो. हिशोब करून पाहा. गाय दिवसाला ३ किलो ढेप खाते आणि ढेपेत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी१ आहे, म्हणजे पोटात गेले ३०० मायक्रोग्रॅम. त्याचे दोन टक्के ६. दूध १० लिटर, म्हणजे लिटरमागे ०.६ मायक्रोग्रॅम एम१. देशातली मर्यादा किलोमागे ०.५ आहे. हीच ढेप पशुखाद्याच्या २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत असेल तर आकडा ०.१२ वर येतो. केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने (एफएसएसएआय) केलेल्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ दूध नमुन्यांपैकी ५.७ टक्क्यांमध्ये एम१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. एम१ ची कॅन्सरकारक ताकद बी१ च्या साधारण एक दशांश मानतात. म्हणून दूध बंद करू नये, ढेप सुधारावी.

दूध उकळून एम१ जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. बुरशीची ढेप झटकून उन्हात घातली तर बुरशी थांबते, तयार झालेलं विष तसंच राहतं. तिच्यात चांगली ढेप मिसळणं म्हणजे विष सगळ्या गव्हाणीत वाटणं.

मोंढ्यातून ढेप घेताना कट्ट्यात हात घालून बघा: गोळे, ओल, कुबट वास, हिरवट-पिवळी पूड दिसली तर परत करा. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरतीच घ्या. कट्टे लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दीड-दोन फूट दूर रचा. पत्र्याखाली रात्री पाणी सुटतं, तेव्हा वर ताडपत्री घालताना हवेला वाट ठेवा. आधी आणलेला कट्टा आधी संपवा. शेंगदाण्यातले सुरकुतलेले, काळवंडलेले, किडके दाणे वेगळे करून फेका, जनावरालाही घालू नका. बहुतेक विष त्याच दाण्यांत असतं. संशय आला तर ढेपेचा नमुना एकाच कट्ट्यातून न घेता दहा-बारा कट्ट्यांतून थोडा थोडा घेऊन, एकत्र दळून तपासणीला द्या, कारण बुरशी एका कोपऱ्यात असते आणि शेजारचं खाद्य कोरं निघतं. विष बांधणारी बेंटोनाइटसारखी माती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खाद्यात देता येते. खराब ढेप थांबवली की तीन-चार दिवसांत दुधातलं एम१ जवळजवळ नाहीसं होतं.