यशवंत तलावाला दर्जा मागताय ना, मग आधी तोरणमाळच्या ग्रामसभेत जा

शहाद्याच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर तीन आठवडे झाले एकच विषय चालू आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या यशवंत तलावाला राष्ट्रीय वारसा म्हणून दर्जा द्या, असं निवेदन तयार होतंय, सह्या गोळा करताहेत, माझीही मागितली. मी अकरा वर्षं झाली न्यूझीलंडला हॅमिल्टनमध्ये आहे, त्यामुळे "तू तिकडून काय सांगणार" हे येणारच, पण त्या तलावावर जीव आहे म्हणून लिहितोय.

लहानपणी एप्रिलात बाबा एसटीने न्यायचे, म्हसावद सोडलं की डोंगर सुरू, सातपायरी घाटात कान बंद व्हायचे आणि वर पोचलं की एकदम गार वारं. खाली ४२ डिग्रीत घामाने निथळणारे बाबा तलावाच्या काठावर शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचे, ते अजून डोळ्यासमोर आहे. सातपुड्यात हजार मीटरच्या वर एवढं मोठं नैसर्गिक पाणी आहे आणि आपल्याच जिल्ह्यात कितीतरी जणांनी ते पाहिलेलं नाही.

ग्रुपवर दोन बाजू पडल्यात. एक म्हणते दर्जा मिळाला की रस्ता सुधारेल, हॉटेलं येतील, महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला येतात तसे वर्षभर लोक येतील, पोरांना काम मिळेल. दुसरी म्हणते दर्जा आला की बंधनं आली, मग वरच्या भिल्ल-पावरा लोकांनी गुरं कुठे न्यायची. आमच्या आप्पांनी अहिराणीत एकच विचारलं, "बोर्ड लाईसन पानी चांगलं ऱ्हास का?" म्हणजे बोर्ड लावून पाणी चांगलं राहतं का? त्यावर कोणी काही बोललं नाही.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर लोणारला बघा. २००० साली अभयारण्य, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव, शिवाय राष्ट्रीय भूवारसा स्थळ, एवढं सगळं असूनही गावाचं सांडपाणी सरोवरात जातं म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा अख्ख्या देशाने फोटो बघितले, सांडपाण्याचे फोटो कोणी बघितले?

आता इकडचं सांगतो. आमच्या दक्षिणेला ताउपो तलाव आहे, सहाशे चौरस किलोमीटरच्या वर. त्याचा तळ न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीच्या मालकीचा आहे, १९९२ ला सरकारने तसा करारच केला, आणि तरी पोहायला, होडी घालायला सगळ्यांना मोकळीक. आजूबाजूच्या कुरणांतून जनावरांच्या मूत्रातला नायट्रोजन पाण्यात उतरायला लागला तेव्हा तो २० टक्के कमी करायचा ठरलं, पण शेतकऱ्याच्या मानगुटीवर न बसता केंद्र सरकार आणि दोन स्थानिक कौन्सिलांनी मिळून आठ कोटी डॉलरच्या आसपास फंड उभा केला आणि ज्यांनी जनावरं कमी केली त्यांना पैसे दिले. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला हे सगळ्यात जास्त भावलं.

गेल्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घालायला गेलो तर धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ, हातात स्प्रेची बाटली, विचारलं की हे कयाक आधी कुठल्या पाण्यात होतं. वायकाटो नदीत म्हटल्यावर त्यांनी ते उलटं करायला लावलं, आतला कोपरा न कोपरा स्वतः बोट फिरवून बघितला, कारण त्या नदीत २०२३ मध्ये एक परदेशी शिंपला सापडलाय तो वर यायला नको. अर्धा तास गेला, पोरं कंटाळली, पण त्यांनी सोडलं नाही. आणि मला आठवला यशवंत तलावाचा काठ, मागच्या डिसेंबरला आलो होतो तेव्हा दगडांच्या सापटीत शेवभाजीचा तेलकट रस्सा लागलेल्या थर्माकोलच्या वाट्या अडकल्या होत्या आणि एक सात-आठ वर्षांची मुलगी काठीने त्या ओढून काढत होती, तिला कोणी सांगितलं नव्हतं. पर्यटक आपलेच, खालचे, गाड्या घेऊन आलेले.

म्हणून माझं म्हणणं, दर्जा मागाच, पण कुठला ते नीट ठरवा. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकार जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करू शकतं, त्यात स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करावी लागते आणि ज्यांच्या पोटावर पाय येईल त्यांच्या भरपाईची योजनाही सरकारनेच आखायची असते. हे आपल्याकडे झालेलंय, जळगावचं मेहरूणजवळचं लांडोरखोरी असंच वारसा स्थळ आहे. शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांत तलाव अधिसूचित झाला तर कचरा आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी टाकायला सरळ बंदी. नावात "राष्ट्रीय" नसलं तरी काठावरच्या माणसाला हेच जास्त उपयोगाचं, राष्ट्रीयसाठी मग वर पाठवता येईल. आणि तोरणमाळचा अक्राणी तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्रातला, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, तर ग्रामसभेला बाजूला ठेवून शहाद्यात बसून निवेदन लिहायचं हे मला पटतच नाही. ज्यांच्या पिढ्या त्या पाण्यावर गेल्या त्यांची सही पहिली, आपली नंतर.

निवेदनाचा मसुदा मी दोनदा वाचला. रस्ता, बोटिंग, सेल्फी पॉइंट, लाइटिंग सगळं आहे, ग्रामसभेचा ठराव नाही आणि कचरा कोण उचलणार, त्याला पगार कुठून, तेही नाही. या दोन ओळी घाला भावांनो, आणि कोणीतरी वर जाऊन ग्रामसभेत तो पावरी बोलीत वाचून दाखवा, तिथून ठराव झाला की त्याच दिवशी माझी सही पाठवतो.