मारहाणीच्या केसमध्ये ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या अर्थाचा मजकूर फिरतो: ‘मारहाणीच्या केसमध्ये काही होत नाही. पोलीस एनसी घेतात, विषय संपतो. केस झालीच तर गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. नाहीतर बॉण्डवर लिहून मिटवून टाका. नव्या कायद्यात तर फक्त मंदिर झाडायची शिक्षा आहे. समोरच्याने केस केली तर आपणही उलटी टाका. साक्षीदार फुटतातच.’ बांधावरून, सामाईक विहिरीच्या पाण्यावरून डोकं फुटलेला माणूस हे वाचून घरी बसतो आणि हातातला पुरावा घालवतो. म्हणून एकेका वाक्याचं उत्तर देतो.

एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली की विषय संपतो, हे चूक. चापट-बुक्क्यांनी झालेली साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), जुन्या दंड संहितेचं ३२३, हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, एवढाच एनसीचा अर्थ. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा त्या नव्या कायद्याच्या, कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागता येतो, किंवा कलम २२३ प्रमाणे थेट कोर्टात खाजगी फिर्याद करता येते. मात्र या गुन्ह्याला मुदत एका वर्षाची आहे. ‘बघू पुढं’ म्हणत दोन दिवाळ्या गेल्या, तर कोर्ट सहसा दखल घेत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दवाखान्यात ठरते. ग्रामीण रुग्णालयात मलमपट्टी होते, एक्स-रेसाठी जिल्हा रुग्णालयात, अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवतात आणि पुष्कळ जण तिकडं जातच नाहीत. हाड मोडलं किंवा दात पडला, तरी कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत असते. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरीही. पूर्वी ही अट वीस दिवसांची होती. एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं की तेच प्रकरण ११७(२) मध्ये जातं, दखलपात्र होतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. एक्स-रे झालाच नाही, तर मोडलेलं हाडसुद्धा कागदावर ‘साधी दुखापत’ म्हणून राहतं. एनसीवरच थांबलेली कितीतरी प्रकरणं खरं तर इथं अडकलेली असतात.

‘दंड भरा, मोकळे व्हा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ११५(२) ला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. त्यातल्या ‘किंवा’मुळे नुसत्या दंडावर सुटणारे असतात, हे खरं. जुन्या कायद्यात हा दंड हजार रुपयांपर्यंतच होता. पण कोयता, कुऱ्हाड असं हत्यार वापरून साधी जखम केली तर ११८(१) लागतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. ११७(२) मध्ये ‘कैद आणि दंड’ असं आहे, तिथं दोषी धरल्यावर नुसत्या दंडावर भागत नाही. हत्याराने गंभीर दुखापत केली तर ११८(२): किमान एक वर्ष, जास्तीत जास्त जन्मठेप. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुनी कलमं लागतात, हेही ध्यानात ठेवावं.

शिवाय गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धीच. ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’ भोगून चार वाजता घरी आलेला पोरगाही शिक्षा झालेलाच असतो. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणाऱ्या पोरांनी हे नीट समजून घ्यावं, कारण चारित्र्य पडताळणीत ती नोंद समोर येते. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल तर कोर्टाने हा विचार करायलाच हवा. ११८(२) सारख्या जन्मठेपेपर्यंतच्या गुन्ह्यात मात्र हे बंधपत्र मिळत नाही.

आता बॉण्डची, म्हणजे स्टॅम्पपेपरवर लिहून मिटवण्याची गोष्ट. पारावर चार माणसांनी बसून लिहिलेला कागद कोर्टातली केस संपवत नाही. कोर्टात फिर्यादी आणि आरोपी दोघांनी तडजोड नोंदवली, तरच ती धरली जाते. ११५(२) मध्ये, आणि कोर्टाच्या परवानगीने ११७(२) मध्ये, जखमी व्यक्तीला तशी तडजोड करता येते आणि तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. म्हणजे कबुली देऊन दंड भरणाऱ्याच्या नावावर शिक्षा राहते, रीतसर तडजोड करणाऱ्याच्या नावावर राहत नाही. लोकअदालतीतही हे होऊ शकतं. ११८(१) आणि ११८(२) मात्र तडजोडीच्या यादीत नाहीत. तिथं गाव, तालुका कोर्ट, लोकअदालत, कोणाच्याच हातात काही नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर करायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. किनवटहून किंवा उदगीरहून संभाजीनगरला त्यासाठी खेटे घालायचे, ही त्या बॉण्डची खरी किंमत. अ‍ॅट्रॉसिटीची कलमं असतील तर तालुक्याला तडजोड नाहीच, आणि दोषी ठरलेल्या सज्ञान आरोपीला परिवीक्षेचाही लाभ नाही. अशा प्रकरणात गावकीने पीडित कुटुंबावर ‘मिटवा’ म्हणून दबाव आणणं हा अन्याय आहे.

मंदिर झाडण्याबद्दल: नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा मोजक्याच गुन्ह्यांना आहे. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, किरकोळ चोरी, बदनामी वगैरे. दुखापतीच्या कलमांना ती नाही.

उलटी केस टाकण्याचा सल्ला तर हमखास मिळतो. खरंच दोन्हीकडं मार लागला असेल तर फिर्याद द्यावी, तो हक्क आहे. पण परस्परविरोधी खटले एकाच न्यायाधीशापुढं एकापाठोपाठ चालवावेत आणि प्रत्येकाचा निकाल त्याच्याच पुराव्यावर द्यावा, अशी रीत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली आहे. दोन केसांची वजाबाकी होत नाही. दोन्ही बाजूंना शिक्षा होऊ शकते. नुसती अडकवण्यासाठी खोटी फिर्याद दिली तर न्याय संहितेच्या कलम २४८ चा वेगळा गुन्हा होतो.

साक्षीदार फुटतात, हे मात्र मी नाकारत नाही. पंच उलटतात, चुलतभाऊ ‘मी पाहिलंच नाही’ म्हणतो, वर्षानुवर्षं तारखा पडतात आणि पुष्कळ आरोपी सुटतात. गावात रोज तोंड बघायचं असतं, त्या माणसांना मी सरसकट दोष देणार नाही. तरी साक्ष्य अधिनियमाचं कलम १३९ सांगतं की एखादी गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांचा ठरावीक आकडा लागत नाही. जखमी माणसाची स्वतःची साक्ष, तिला जुळणारं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि उशीर न करता दिलेली फिर्याद एवढ्यावर शिक्षा होऊ शकते, कारण जखमीच्या साक्षीला न्यायालयं वेगळं वजन देतात. आरोपी सुटला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली पीडिताला स्वतः अपील करता येतं. शिक्षा झाली तर त्याच संहितेच्या कलम ३९५ खाली उपचाराचा खर्च आणि नुकसान आरोपीकडून मागता येतं. त्यासाठी औषधांची बिलं, एक्स-रेची फिल्म आणि बुडालेल्या मजुरीचा काही लेखी आधार पहिल्या दिवसापासून एका पिशवीत जपून ठेवावा आणि साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना दाखवावा.