‘पाचशे रुपयांसाठी एवढा आटापिटा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी इथे नो पार्किंगच्या ई-चलनाचा आमचा अनुभव लिहिला होता. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या मोटारसायकलवर एका मोठ्या शहरातलं चलन आलं. त्या दिवशी गाडी परभणी जिल्ह्यात, सेलूजवळच्या आमच्या शेतात सोयाबीनच्या गंजीशेजारी उभी होती. चलनातला फोटो उघडला तर त्यात भलतीच स्कूटर. मी तक्रार केली, पाठपुरावा केला आणि चलन रद्द करून घेतलं. त्यावर ‘एक स्पष्टवक्ता’ या नावानं आलेली प्रतिक्रिया अशी:

“ताई, पाचशे रुपयांसाठी एवढा आटापिटा करायला तुमच्याकडे वेळ आहे, सगळ्यांकडे नसतो. कामधंदा असलेला माणूस भरून मोकळा होतो. प्रत्येक चलनात तुमच्यासारखा स्पष्ट फोटोही नसतो. लोकअदालतीत कमी पैशांत मिटतं, ते तुम्ही लिहिलंच नाही. आणि हे वाचून ज्यांची चूक आहे तेही ‘गाडी आमची नाही’ म्हणत सुटतील. चेसिस नंबरच लागतो हे तर चूकच आहे, इंजिन नंबरही चालतो. अर्धवट माहितीवर लेख पाडू नयेत.”

आधी चुकीचं बोलते. चलन बघायला गाडीच्या नंबरासोबत चेसिस नंबरचे किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे चालतात. मी फक्त चेसिस लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभारी आहे.

आता ‘तुमच्याकडे वेळ आहे’ याबद्दल. तुम्ही मला ओळखत नाही. मी काय करते, कधी उठते, कधी दुकानाचं शटर ओढते, यातलं तुम्हाला काही माहीत नाही. बाईनं काही लिहिलं की तिला घरी काम नसणार, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. मी सेलूत ऑनलाइन फॉर्मचं सेंटर चालवते. पीक विमा, स्कॉलरशिप, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेल्वेचं तिकीट, सगळं. सकाळी साडेनऊला उघडते, रात्री आठला बंद करते, आणि पीक विम्याची मुदत संपत आली की दहा कधी वाजले तेही कळत नाही. दिवसभरात पन्नास माणसं मला ताई म्हणतात. त्यांच्या ताईत आणि तुमच्या ताईत काय फरक आहे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि याच सेंटरवर लोक चलन घेऊन येतात. मोबाईल पुढं करतात आणि म्हणतात, “ताई, हे बघा बरं, पैसे भरा म्हणायलेत.” कशाचे, कुठले, कधीचे, काही माहीत नसतं. बहुतेकांना एवढंच माहीत असतं की सरकारकडून आलंय म्हणजे भरावं लागतं. ‘भरून मोकळा होतो’ असं तुम्ही ज्या माणसाबद्दल लिहिलंत तो माणूस मी रोज समोर बसलेला बघते. तो मोकळा होत नाही, घाबरून भरतो. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल, म्हणजे उघडली की मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल, पाठवून खाती रिकामी करणारे याच घाईवर जगतात. मेसेज आला की आधी भरायचं आणि मग बघायचं, ही सवय तुम्ही लोकांना चांगली म्हणून सांगताय.

तुमचं पहिलं वाक्य मी सोडणार नाही, कारण बाकी सगळं त्याच्याच जोरावर उभं आहे. पाचशे रुपये. मोटार वाहन कायद्यातली 2019 ची दुरुस्ती आणि महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून लागू झालेले दर बघा. कलम 177 खाली पहिल्यांदा 500 आणि पुन्हा तोच गुन्हा झाला तर 1500. म्हणजे दुसऱ्याच्या स्कूटरचे पाचशे आज भरले तर पहिला गुन्हा तुमच्या गाडीच्या नावावर लागला. उद्या परभणीला दवाखान्यासमोर घाईत गाडी लावली आणि खरंच चलन फाटलं, तर तुम्ही दुसऱ्यांदा चुकलेले. हिशेब पाचशेवर थांबत नाही.

पण पैशाचा हिशेब बाजूला ठेवा. भरणं म्हणजे कबूल करणं. हे मी कायद्याच्या पुस्तकातून शिकलेले नाही.

माझे वडील इथल्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी होते. रोजमेळ त्यांच्या हातचा. मी सातवीत असताना एका संध्याकाळी रोकड मोजली तर 340 रुपये कमी भरले. वडिलांनी दोनदा मोजली, किर्द तपासली, मेळ लागेना. मालक काही बोलले नाहीत, नुसते गादीवर बसून राहिले. वडिलांना ते बसणं सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातून पैसे नेऊन गल्ल्यात टाकले. आईला म्हणाले, “कशाला वाद, मिटलं.” अगदी तुमचेच शब्द. पुढच्या हंगामात पुन्हा रोकड कमी आली. तेव्हा मालक वडिलांकडं बघून चार माणसांत म्हणाले, “मागच्या वेळी भरले होते ना.” बस, एवढंच. त्या एका वाक्यावर बावीस वर्षांची नोकरी गेली. पैसे कुणी घेतले होते ते आजवर कळलं नाही. वडिलांनी घेतले नव्हते हे मला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि मोंढ्यात कुणालाच माहीत नाही, कारण भरणारा माणूस दोषी असतो असंच जग धरतं.

तेव्हा पाचशे रुपयांत माणसाचं नाव किती स्वस्तात विकायचं हे मला शिकवू नका.

तुम्ही म्हणाल, चलन आणि चोरीचा आळ एक नाही. बरोबर, नाही. पण तो फोटो तुम्ही पाहिलेला नाही, मी पाहिला आहे. करड्या रंगाची स्कूटर, पायाशी वीस लिटरचा पाण्याचा जार, मागच्या पाटीवर एमएच 22. म्हणजे गाडी आपल्याच परभणी जिल्ह्यातली, शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कुणा पोराची असणार. पाटी ज्या स्क्रूनं बसवली होती तो स्क्रू बरोबर 3 च्या उघड्या बाजूवर आला होता, वर गंजाचा ओघळ. लांबून तो 3 अगदी 8 दिसत होता. आमच्या नंबरात तिथं 8 आहे. फोटो बोटांनी मोठा करून मी पाचदा पाहिला तेव्हा खात्री पटली. म्हणजे खोटा नंबर नव्हता, कुणाचा डाव नव्हता, एक गंजका स्क्रू होता.

आमच्या नशिबानं स्क्रू होता. नंबर मुद्दाम चोरलेला असता तर? आपल्या नंबरची पाटी लावून दुसरीच गाडी फिरत असली तर ती आज नो पार्किंगमध्ये सापडते, उद्या कुणाचं मंगळसूत्र ओढताना कॅमेऱ्यात दिसते. तेव्हा पोलीस येणार ते गाडीच्या कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात. त्या वेळी ‘मी अमुक तारखेला कळवलं होतं की ही गाडी माझी नाही’ असा तक्रारीचा नंबर हातात असणं आणि ‘मी तेव्हा पाचशे भरले होते’ अशी पावती हातात असणं, यातलं काय बरं, ते तुम्हीच सांगा. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची केली ती याच कारणानं. तिच्यावर होलोग्राम आणि लेसरनं कोरलेला क्रमांक असतो, नक्कल अवघड जाते. मुदती वाढत गेल्या आणि आमच्याकडच्या कितीतरी गाड्या जुन्याच पाट्यांवर फिरत राहिल्या.

आणि आटापिटा म्हणजे काय केलं मी? चलन ज्या संकेतस्थळावर दिसतं तिथंच तक्रारीची सोय आहे. आरसीचा फोटो, आमच्या गाडीचा समोरून आणि बाजूनं पाटीसकट फोटो, चलन क्रमांक, आणि चार ओळी मराठीत: चलनात स्कूटर आहे, आमची मोटारसायकल आहे, आकडा 3 आहे, 8 नाही. वीस मिनिटं लागली. पहिल्यांदा एका ओळीत तक्रार फेटाळली गेली. राग आला, खरंच आला. दुसऱ्यांदा तेच कागद घेऊन मी परभणीला गेले, अर्ज दिला, पोच घेतली, आणि पोचेचा फोटो जोडून पुन्हा तक्रार टाकली. 47 दिवसांनी चलन रद्द झाल्याचं दिसलं. त्या दिवशी परभणीला मला तसंही झेरॉक्सचा टोनर आणायला जायचं होतं. सेलूहून रेल्वेनं गेले आणि दुपारच्या गाडीनं परत येऊन सेंटर उघडलं.

‘ज्यांची चूक आहे तेही म्हणत सुटतील’ हे तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते माझ्या सेंटरवर होतं की काय असा त्याचा सूर आहे. एक प्रसंग सांगते. वालूरकडचे एक आजोबा आले होते, “आमची गाडी तिकडं गेलीच नाही” म्हणत. मी फोटो उघडला. मोटारसायकल फूटपाथवर, हँडलला लाल गोंडा. आजोबांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “गोंडा आमचाच हाय. नातू घेऊन गेलता वाटतं.” खिशातून पाचशेची नोट काढली आणि भरा म्हणाले. मी भरले. फोटो बघितल्यावर खोटं बोलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. फोटो न बघता भरणारे मात्र रोज भेटतात.

गाडी विकून टाकलेल्यांचं वेगळं. पाथरीच्या बाजारात चार वर्षांपूर्वी गाडी दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या नुसत्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या आणि विषय संपला असं ज्यांना वाटतं, त्यांना मी स्पष्ट सांगते की कागदावर गाडी अजून तुमचीच आहे. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते तुम्ही केलं नाही. तिथं ‘गाडी माझी नाही’ चालत नाही. हे मी लेखात लिहिलं होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तुम्ही तिथपर्यंत आला नसाल.

फोटो स्पष्ट नसेल तर तेच तक्रारीत लिहा. कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याबद्दल ऑगस्ट 2021 चा केंद्रीय नियम आहे, 15 दिवसांत नोटीस द्यायची आणि प्रकरण मिटेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा. आहे तो पुरावा दाखवा म्हणायचा हक्क आहे. लोकअदालतीचं म्हणाल, तर जे आपलं नाही त्यातलं अर्धंही आपलं नाही. त्यावर मला अधिक काही लिहायचं नाही.

‘लेख पाडू नयेत’ हा शब्द मी वाचला आहे. प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. सेंटरवर लोक माझ्यावर चिडतात, मी ऐकून घेते, कारण ते समोर बसून, नावागावासकट बोलतात. यापुढे लिहायचं झालं तर तुम्हीही नाव लिहा. मी माझ्या नावानं लिहिते.